वजन कशाचें?

रेल्वे-स्थानकांच्या फलाटांवर पूर्वीं वजनाचीं यंत्रें सर्रास उभीं असत. लोखंडी पायरीवर उभें राहून फटींत नाणें टाकलें कीं आंतलीं चाकें घरघरत आणि पुठ्ठ्याचें एक लहानसें तिकीट खालच्या खोबणींत येऊन पडे. त्या तिकिटाच्या एका बाजूस वजनाचा आंकडा असे व दुसऱ्या बाजूस भविष्य. भविष्य वाचून शहाणीं माणसें हसत व तें विसरून जात. वजनाचा आंकडा मात्र कोणीहि हसण्यावारी नेत नसे. वास्तविक, त्या आंकड्यावरून माणूस आपल्या प्रकृतीविषयीं जें अनुमान काढी, तेंहि पुष्कळदां दुसऱ्या बाजूवरील भविष्याइतकेंच अधांतरीं असे. कारण वजन किती, हें तराजू सांगतो; वजन कशाचें, हें त्याला सांगतां येत नाहीं.

किराणा घेतांना ही चूक कोणतीहि गृहिणी करीत नाहीं. पांच किलोचें गाठोडें आलें, एवढ्यानें तिचें समाधान होत नाहीं; त्यांत तांदूळ किती, डाळ किती आणि खडे किती, हें ती पाहते. शरीराच्या बाबतींत मात्र गाठोड्याच्या वजनावरच सर्वांचें समाधान होतें. साठ किलो वजनाचे दोन गृहस्थ शेजारीं शेजारीं उभे केले, तर तराजूच्या दृष्टीनें ते सारखेच. परंतु एकाच्या शरीरांत स्नायु भरपूर व चरबी बेताची असेल, तर दुसऱ्याचे स्नायु झडून त्यांची जागा चरबीनें घेतलेली असेल. एखाद्या वृद्ध स्त्रीचें वजन वीस वर्षें जवळजवळ तेवढेंच राहतें, आणि त्याच वीस वर्षांत तिच्या हाडांतील क्षार मुकाट्यानें कमी होत आलेले असतात. तराजूचा कांटा या सर्व उलाढालींत स्थिर राहतो, आणि घरांतील मंडळी म्हणतात, "प्रकृति अगदीं आहे तशी आहे."

तराजूवरील हा विश्वास किती फसवा आहे, याचें एक बोधप्रद उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत घडलें. सैन्यांत घ्यावयाच्या माणसांसाठीं उंचीच्या मानानें वजन किती असावें, याचीं कोष्टकें तेथें ठरलेलीं होतीं. अमेरिकन नौदलांतील डॉक्टर आल्बर्ट बेन्के व त्यांचे सहकारी यांनीं २५ धंदेवाईक फुटबॉलपटूंची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९४२ सालीं प्रसिद्ध केले. त्या २५ जणांपैकीं १७ जण कोष्टकाप्रमाणें सैनिकी सेवेस अपात्र ठरत होते. कारण काय, तर वजन फार! जीं माणसें मैदानावर एकमेकांस धडका देऊन पुन्हां उभीं राहत, तीं कागदावर लठ्ठ व निकामी ठरलीं. बेन्के यांनीं या खेळाडूंचें वजन एकदां हवेंत व एकदां पाण्याखालीं घेतलें. आर्किमिडीजनें घालून दिलेल्या नियमाप्रमाणें या दोन वजनांवरून शरीराची घनता काढतां येते. चरबी पाण्याहून हलकी व स्नायु आणि हाड पाण्याहून जड, म्हणून घनता कळली कीं चरबीचा अंदाज येतो. या मोजणींत असें दिसून आलें कीं त्या भारी वजनाच्या खेळाडूंपैकीं बहुतेकांच्या अंगांत चरबी थोडी होती. वजन होतें तें स्नायूंचें.

ही पद्धति सुंदर होती. परंतु तिच्या अडचणीहि उघड होत्या. छातींतील श्वास होईल तेवढा सोडून देऊन पाण्याखालीं स्वस्थ बसणें हें धडधाकट तरुणाचें काम. तान्ह्या मुलास किंवा सत्तरीच्या आजीबाईंस तें कसें साधावें? शिवाय या मोजणींत शरीराचे दोनच वाटे पडत, चरबी व बाकीचें सर्व. त्या 'बाकीच्यां'त स्नायूंबरोबर हाडेंहि येत. आणि हाडांची स्थिति वेगळी कळणें हीच तर पुष्कळ घरांची निकड असते.

हाड म्हणजे भिंतींत बसविलेली मृत तुळई नव्हे. शरीरांतील जवळजवळ ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दांतांत सांठविलेलें असतें, आणि हाडांतील तो सांठा अखंड उचलला व भरला जात असतो. जुनें हाड पोखरून काढणाऱ्या पेशी व नवें हाड रचणाऱ्या पेशी शेजारीं शेजारीं काम करीत असतात. तारुण्यांत रचणारांची सरशी असते. तिशीच्या सुमारास हाडांची ठेव सर्वांत मोठी होते. पुढें पोखरणारे हळूहळू वरचढ होतात. स्त्रियांमध्यें रजोनिवृत्तीनंतर कांहीं वर्षें ही झीज फारच वेगानें होते. या सर्व काळांत दुखत नाहीं, खुपत नाहीं, चेहऱ्यावर कांहीं दिसत नाहीं. मग एके दिवशीं न्हाणीघरांत किंवा उंबऱ्याशीं पाय घसरतो, पडणें तें केवढेंसें, आणि खुब्याचें हाड मोडतें. घरांतील सर्वजण म्हणतात कीं आजी पडली म्हणून हाड मोडलें. खरें पाहतां तें मोडावयास कित्येक वर्षें आधींच तयार झालेलें असतें. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकीं कांहींजण वर्षाच्या आंत दगावतात, आणि जे जगतात त्यांतील अनेकांचें पूर्वींचें स्वतंत्र हिंडणें-फिरणें परत येत नाहीं.

साध्या क्ष-किरणचित्रांत ही झीज दिसावी, अशी कोणाचीहि अपेक्षा असणार. १८९५ सालीं राँटगेन यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें क्ष-किरणचित्र घेतलें, तेव्हां जिवंत माणसाचीं हाडें जगानें प्रथम पाहिलीं. परंतु त्या चित्रांत हाडाचा आकार दिसतो. त्यांत क्षार किती उरले आहेत, हें डोळ्यांना नेमकें उमगत नाहीं. सुमारें एक तृतीयांश क्षार नाहींसे होईपर्यंत साधें चित्र पाहणाराच्या हें सहसा लक्षांतहि येत नाहीं. म्हणजे चोरी झाल्याचें कळावें, तर तिजोरीचा तिसरा हिस्सा रिकामा झालेला असावयाचा!

ही उणीव भरून काढण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १९६३ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत जॉन कॅमेरॉन व जेम्स सोरेन्सन यांनीं केला. किरणोत्सर्गी आयोडीनमधून निघणारा किरणांचा एक बारीक झोत त्यांनीं हातावरून फिरविला, आणि पलीकडे किती किरण पोहोंचतात हें मोजलें. हाड जितकें भरीव, तितके किरण अधिक अडतात. हाताच्या बाबतींत ही युक्ति चालली. परंतु पाठीचा कणा व खुबा यांच्याभोंवतीं मांस व चरबी यांचे कमीजास्त थर असतात. किरण हाडानें अडविले कीं मांसानें, हें एकट्या झोतावरून कसें ठरवावें?

याला उत्तर निघालें तें असें कीं एका शक्तीच्या किरणांऐवजीं दोन निरनिराळ्या शक्तींचे किरण सोडावयाचे. यांतील मर्म एका व्यावहारिक उदाहरणानें स्पष्ट होईल. एका शिवलेल्या पिशवींत तांदूळ व डाळ आहे; पिशवी उघडावयाची नाहीं. एका दुकानांत तांदळाचा भाव किलोला ४० रुपये व डाळीचा १०० रुपये आहे; त्या भावानें पिशवीची किंमत ३२० रुपये होते. दुसऱ्या दुकानांत तांदूळ ५० रुपये व डाळ ८० रुपये आहे. तेथें त्याच पिशवीची किंमत ३१० रुपये होते. शाळेंत बीजगणित शिकलेला कोणताहि मुलगा एवढ्यावरून सांगेल कीं पिशवींत तांदूळ तीन किलो व डाळ दोन किलो असली पाहिजे. एका किंमतीवरून हें कळलें नसतें. दोन किंमतींवरून कळतें. कमी शक्तीचे व अधिक शक्तीचे क्ष-किरण हीं अशींच दोन दुकानें आहेत. हाड व मृदु भाग यांचा प्रत्येकाकडील 'भाव' निराळा. म्हणून दोहोंचें प्रमाण काढतां येतें. प्रथम यासाठीं किरणोत्सर्गी पदार्थच वापरीत. १९८७ सालीं त्यांच्या जागीं क्ष-किरणांची नळी वापरणारें यंत्र बाजारांत आलें, आणि 'डेक्सा' या सुटसुटीत नांवानें ही तपासणी जगभर रूढ झाली.

तपासणी करून घेणाराला यांत कष्ट असे कांहीं नाहींत. अंगावरील धातूच्या वस्तु काढून ठेवून एका मऊ टेबलावर उताणें निजावयाचें. यंत्राचा एक बाहु अंगावरून संथपणें डोक्यापासून पायापर्यंत सरकत जातो. बोगद्यांत शिरावें लागत नाहीं, सुई टोचीत नाहींत. सर्व शरीराची पाहणी सुमारें पांच ते दहा मिनिटांत संपते. क्ष-किरणांची मात्रा इतकी अल्प असते कीं माती, आकाश व अन्न यांतून प्रत्येक माणसाला एकदोन दिवसांत निसर्गतः जेवढी मिळते, साधारण तितकीच ती भरते. तरीहि गर्भवती स्त्रियांनीं ही तपासणी टाळावी, हा नियम योग्यच आहे. शेवटीं हातीं येतो तो एक कागद: हाडांतील क्षार, चरबी व चरबीविरहित मृदु भाग यांचे वजनी आंकडे, आणि तेहि हात, पाय व धड यांसाठीं वेगवेगळे.

या टेबलानें महाराष्ट्रांतील एका गोष्टीवर जो प्रकाश पाडला, तो येथील प्रत्येक घरानें लक्षांत घ्यावा असा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना मधुमेही रोग्यांत एक विसंगति दिसत आली होती. पाश्चात्त्य ग्रंथांत मधुमेह हा लठ्ठ माणसांचा रोग म्हणून वर्णिलेला. समोर बसलेले रोगी मात्र बहुधा बारीक अंगाचे. याचा उलगडा करण्यासाठीं वजन बाजूस ठेवून वजनाचे घटक पाहणें आवश्यक होतें. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांच्या नवजात बालकांचीं मापें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घेतलीं, आणि इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांच्या मापांशीं तीं ताडून पाहिलीं. इंग्रज बालकाचें सरासरी वजन सुमारें साडेतीन किलो. पुण्याकडील बालकाचें सुमारें २.७ किलो. येथवर नवल नव्हतें. नवल होतें तें पुढेंच. पुण्याकडील बालकाचें पोट व दंड यांचीं मापें इंग्रज बालकाच्या मानानें फारच कमी भरलीं; पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी कमी नव्हती. म्हणजे मूल हडकुळें जन्मलें. परंतु हडकुळेपणांत कमतरता पडली ती मुख्यतः स्नायूंची व पोटांतील अवयवांची. चरबीचा वाटा शरीरानें जपून ठेवला होता.

२००४ सालीं 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं एक छोटेखानी लेख लिहिला. त्यांत दोघांचें शेजारीं शेजारीं उभे असलेलें छायाचित्र होतें. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून जो निर्देशांक निघतो, तो दोघांचाहि बरोबर २२.३. कोष्टकाच्या दृष्टीनें दोघेहि आदर्श. परंतु डेक्साच्या तपासणींत युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के! यांतील एक मॅरेथॉन धावणारा. दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळीं रुग्णालयांतील लिफ्टचें दार मिटण्यापूर्वीं धांवत जाऊन तें गांठणें, असा विनोदहि त्या लेखांत आहे. दोन माणसांवरून कोणताहि सिद्धान्त प्रस्थापित होत नाहीं, हें खरें. परंतु मोठ्या पाहण्यांतून हिंदी लोकांविषयीं जें दिसून आलें होतें, तें या एका चित्रानें ध्यानांत राहील असें करून दाखविलें. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं असें सुचविलें कीं इतरत्र २५ या निर्देशांकाशीं सावध व्हावयाचें, तर आशियांतील लोकांनीं २३ पासूनच सावध व्हावें. ज्या घरांत "आमच्याकडे लठ्ठ कोणी नाहीं" असें अभिमानानें सांगतात, त्या घरांतहि मधुमेह कां शिरतो, याचें एक कारण येथें आहे. पोशाख सैल होतो, कांटा खालीं राहतो, आणि चरबी आंत पोटाशीं ठाण मांडून बसते.

इतकें झाल्यावर या यंत्राला सर्वज्ञ मानण्याचा मोह होणें साहजिक आहे. परंतु मग तराजूच्या बाबतींत झाली तीच चूक पुन्हां होईल. डेक्साचा आंकडाहि कशाचा, हें विचारलेंच पाहिजे. पहिली गोष्ट अशी कीं दोन दुकानांवरून दोनच वस्तूंचें प्रमाण काढतां येतें, तीन वस्तूंचें नाहीं. जेथें हाड नाहीं तेथें चरबी व चरबीविरहित भाग हे वेगळे काढतां येतात. परंतु जेथें हाड आहे तेथें सभोंवतींच्या मृदु भागांत चरबी किती, हें शेजारच्या जागेवरून गृहीत धरावें लागतें. चरबीविरहित भाग म्हणजे निव्वळ स्नायूहि नव्हेत. त्यांत पाणी आणि यकृतादि अवयव यांचाहि समावेश होतो. अंगावर सूज असेल, तर ती यंत्राला चरबीविरहित वजन म्हणूनच दिसेल.

दुसरी गोष्ट हाडांच्या घनतेची. खरी घनता घनफळामागें मोजतात. हें यंत्र ती चौरस सेंटिमीटरमागें मोजतें, कारण त्याला हाडाची सांवली दिसते, जाडी दिसत नाहीं. एकाच कागदाचीं दोन पुस्तकें, एक जाड व एक पातळ, वरून पाहून मापलीं तर जाड पुस्तकाचें दर चौरस सेंटिमीटरमागें वजन अधिक भरेल. म्हणून त्याचा कागद अधिक चांगला, असें कोणी म्हणणार नाहीं. त्याच न्यायानें लहान चणीच्या माणसाचीं निरोगी हाडेंहि या मापांत थोडीं उणीं दिसतात, आणि आपल्याकडील पुष्कळ स्त्रिया लहान चणीच्या आहेत. उलट, वृद्धांच्या मणक्यांवर संधिवातानें वाढलेलें हाड किंवा मणक्यापुढील रोहिणींत सांचलेले क्षार यांमुळें कण्याचा आंकडा खोटाच चांगला दिसूं शकतो. म्हणूनच वृद्धांच्या हाडांचा निर्णय करण्यासाठीं सर्व शरीराच्या सरासरीवर विसंबत नाहींत. खुबा व कमरेचे मणके वेगळे तपासतात. सर्व शरीराची पाहणी मुलांच्या हाडांसाठीं, तीहि डोकें वगळून, आणि शरीराच्या घटकांसाठीं अधिक उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट तुलनेची. कागदावर 'टी' या अक्षरापुढें जो गुण छापलेला असतो, तो निरोगी तरुण व्यक्तींच्या सरासरीपासून आपलें हाड किती दूर आहे, हें दाखवितो. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९४ सालीं ठरविल्याप्रमाणें हा गुण उणे २.५ किंवा त्याहून खालीं गेला तर अस्थींची विरळता, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, समजतात. उणे १ ते उणे २.५ ही मधली पायरी. परंतु ही मधली पायरी म्हणजे रोग नव्हे. पन्नाशी ओलांडलेल्या असंख्य स्त्रिया तेथेंच असतात. त्या एका शब्दानें घाबरून जाऊन हालचाल कमी करणें, हें तर सर्वांत वाईट. उलट, गुण बरा आहे म्हणून निर्धास्त राहणेंहि चूक. कारण मोडलेल्या हाडांपैकीं पुष्कळशीं उणे २.५ च्या वरच्या गुणाचींच असतात. वय, पूर्वीं सहज मोडलेलें हाड, आईबापांचा मोडलेला खुबा, तंबाखू, दीर्घकाळ घेतलेलीं स्टिरॉइड औषधें आणि वारंवार तोल जाणें, या सर्वांचा हिशेब त्या गुणाच्या जोडीला मांडावा लागतो.

मग ही तपासणी करावी कोणीं? साधारणपणें पासष्टीच्या पुढील स्त्रियांनीं व सत्तरीच्या पुढील पुरुषांनीं हाडांची तपासणी करावी, आणि वर सांगितलेलीं कारणें असल्यास त्यापूर्वींहि, असें तज्ज्ञांचें सामान्य मत आहे. फिरून तपासणी करावयाची ती शक्यतों त्याच यंत्रावर, आणि हाडांसाठीं बहुधा एकदोन वर्षांनीं. लागोपाठ दोनदां निजविलें तरी आंकड्यांत एकदोन टक्क्यांचा फरक पडूं शकतो. तेव्हां दर महिन्यास तपासून अर्ध्या टक्क्यावर आनंद किंवा शोक करणें निरर्थक होय. धडधाकट तरुणानें केवळ हौसेनें चरबीचा दशांश मोजून घेण्यापेक्षां तोच पैसा व तीच सकाळ टेकडीवर खर्च करावी.

कारण हाड व स्नायु हे दोघेहि कामावर जगतात. अवकाशांत भार नाहींसा होतो, तेव्हां तेथें राहिलेल्या अंतराळवीरांच्या खुब्यांतील क्षार महिन्याकाठीं एक टक्का किंवा त्याहून अधिक घटल्याचें आढळलें आहे. पृथ्वीवरील वृद्ध स्त्रीस तेवढें गमावण्यास सुमारें एक वर्ष लागतें. अवकाशयानांत जें भारहीनतेमुळें होतें, तेंच घरांत आरामखुर्चीमुळें अधिक संथपणें होतें. घरांतल्या वडील माणसांस "तुम्ही बसा, आम्ही करतों" असें म्हणणें हें प्रेमाचें लक्षण खरें. परंतु जिना, अंगण व बाजार हीं त्यांच्याकडून सर्वस्वीं काढून घेतलीं, तर त्या प्रेमाची किंमत त्यांच्या हाडांना द्यावी लागते. जिन्याला कठडा, न्हाणीघरांत न घसरणारी फरशी, पायाखालीं पुरेसा उजेड, जेवणांत दूध, नाचणी, डाळी, अंगावर सकाळचें ऊन आणि रोजचें चालणें, एवढी सोय प्रत्येक घरास करतां येण्यासारखी आहे.

फलाटावरील त्या जुन्या तिकिटाच्या मानानें डेक्साचा कागद पुष्कळ अधिक सांगतो, यांत शंका नाहीं. परंतु त्याच्याहि मागल्या बाजूस भविष्य छापलेलें नसतें. आज शरीरांत काय आहे, तेवढेंच तो दाखवितो. उद्यां काय असेल, तें बऱ्याच अंशीं त्या टेबलावरून उतरून घरीं चालत जाणाऱ्या माणसावर व त्याची वाट पाहणाऱ्या घरावर अवलंबून असतें.